बिऱ्हाड हललं, खटला तिथेच आहे

"काकू, मी आता टेक्सासला आलोय. कॅलिफोर्नियातलं ते तिकडेच राहिलं ना?"

हा प्रश्न मला पुष्कळ मुलांनी विचारलाय. कुणी फोनवर, कुणी गणपतीच्या आरतीनंतर चपला घालता घालता, कुणी बायको ऐकत नाही ना हे बघून. गोष्टही बहुतेक एकच असते. शुक्रवारची रात्र, ऑफिसातल्या कुणाचा निरोप, दोन-तीन बिअर, घर पाच मैलांवर. मागे लाल-निळे दिवे लागले, श्वासाची तपासणी झाली, हातात बेड्या पडल्या आणि रात्र कोठडीत गेली. सकाळी मित्राने घरी आणून सोडलं. पुढे महिन्याभरात नवी नोकरी लागली, सामान ट्रकमध्ये गेलं आणि पोलिसांनी दिलेला कागद कुठल्या तरी खोक्याच्या तळाशी गेला.

त्या मुलांना मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मी वकील नाही. फौजदारी खटले चालवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात अकरा वर्षं फायली सांभाळल्या, कोर्टाच्या बाकांवर कुणाकुणाच्या सोबत बसले, तेवढाच माझा अधिकार. तुमच्या खटल्यात काय करायचं ते तुमचा वकीलच सांगेल. पण वकिलाकडे जायच्या आधीच माणसं जे नुकसान करून घेतात, ते मी फार जवळून पाहिलं आहे.

तेव्हा पहिलं उत्तर. नाही, ते तिकडेच राहत नाही. आणि दुसरं उत्तर त्याहून महत्त्वाचं आहे: ते तिकडेच मिटवावं लागतं. दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा ज्या काउंटीत घडला, त्याच काउंटीच्या कोर्टात खटला चालतो. तुम्ही ऑस्टिनला राहा नाहीतर ॲटलांटाला, नव्या गावच्या कोर्टाला त्यात हात घालता येत नाही आणि जुन्या गावचं कोर्ट तुम्ही गेलात म्हणून तो सोडून देत नाही. कुठे त्याला डीयूआय म्हणतात, कुठे डीडब्ल्यूआय, ओहायोत ओव्हीआय. नावं आणि शिक्षा राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा मात्र जवळजवळ सगळीकडे ०.०८ टक्के आहे. फक्त युटाने ती २०१८ च्या डिसेंबरअखेर ०.०५ वर आणली.

आता त्या कागदाकडे या. खरं म्हणजे बहुतेकदा ते दोन कागद असतात आणि ते दोन वेगळ्या कचेऱ्यांचे असतात, हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. एका कागदावर कोर्टाचं नाव आणि हजर राहायची तारीख असते. दुसरा लायसनचा. कॅलिफोर्नियात पोलीस तुमचं तिथलं लायसन काढून घेतात आणि बदल्यात एक गुलाबी कागद देतात. त्यावर तीस दिवस गाडी चालवता येते. पण त्याच कागदावर लिहिलेलं असतं, की लायसन निलंबित होऊ द्यायचं नसेल तर दहा दिवसांच्या आत डीएमव्हीकडे, म्हणजे लायसनच्या खात्याकडे, सुनावणी मागा. टेक्सासात हीच मुदत पंधरा दिवसांची आहे. कोर्टाची तारीख महिन्यावर असते म्हणून लोक निवांत राहतात, आणि तेवढ्यात लायसनची मुदत उलटून जाते. मग कोर्टात पुढे काहीही होवो, डीएमव्हीने लायसन आपल्या अधिकारात आधीच थांबवलेलं असतं. सामान बांधण्याच्या धावपळीत हे दहा दिवस कसे जातात ते कळतही नाही. ही सुनावणी फोनवर होऊ शकते आणि तुमच्या वतीने वकील ती मागू शकतो. तेव्हा दुसऱ्या राज्यात जायचं ठरलेलं असलं तरी हे काम निघायच्या आधी करा.

पोलिसांना तुम्ही दिलेला पत्ता कुठला होता, तेही आठवा. जुन्या अपार्टमेंटचा असणार. कोर्टाची पत्रं तिथेच जातील. काही वेळा तर पहिल्या तारखेला कोर्टात गेलं की कारकून म्हणतो, तुमच्यावर अजून आरोपच दाखल नाही, घरी जा. माणूस सुटलो म्हणून निघून येतो. पण रक्ताचा अहवाल यायला वेळ लागला म्हणून फाइल सरकारी वकिलाच्या टेबलावर पडून असते. कॅलिफोर्नियात अशा साध्या खटल्याचे आरोप दाखल करायला त्यांना एक वर्ष असतं, टेक्सासात दोन. आठ महिन्यांनी पत्र निघतं ते जुन्या पत्त्यावर. पोस्टाला पत्ता बदलल्याचं कळवलं असलं तरी टपाल पुढे पाठवण्याची सोय बारा महिन्यांची असते, आणि कोर्टाचं पत्र त्यातूनही पोचेलच असं मी तरी मानणार नाही. म्हणून नवा पत्ता कोर्टाच्या कारकुनाला लेखी कळवा आणि डीएमव्हीलाही कळवा. शिवाय ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा व्हिसा आहे, त्यांना घर बदलल्यापासून दहा दिवसांत इमिग्रेशनला एआर-११ हा अर्ज भरून पत्ता कळवावा लागतो. हा नियम खटला असो वा नसो, सगळ्यांना आहे. फार थोडे पाळतात.

तारखेला हजर न राहिलात तर न्यायाधीश वॉरंट काढतो. आता मूळ आरोपाशेजारी हजर न राहिल्याचा दुसरा आरोप उभा राहतो. हे वॉरंट जुनं होऊन विरून जात नाही. पाच वर्षांनी, दहा वर्षांनीही ते तिथेच असतं. काही वॉरंटं त्या राज्यापुरती असतात, काही देशभरच्या पोलिसांच्या संगणकात चढतात. मग कधीतरी डॅलसमध्ये मागचा दिवा लागत नाही म्हणून पोलीस गाडी थांबवतो, मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात, आणि तो पुन्हा आपल्या गाडीत जाऊन बराच वेळ परत येत नाही. किंवा भारतातून येताना विमानतळावर पासपोर्ट स्कॅन होतो आणि तुम्हाला बाजूच्या खोलीत बसायला सांगतात. एक बाप अशा खोलीत तीन तास बसल्याचं मी ऐकलंय, बाहेर त्याची आई चाकाच्या खुर्चीत. बारा वर्षांपूर्वीचं प्रकरण होतं. दंड भरून मिटलं असतं असं.

ज्यांचं असं जुनं वॉरंट असेल त्यांनी घाबरून अजून गप्प राहू नये. त्या काउंटीतला वकील न्यायाधीशापुढे अर्ज करून वॉरंट मागे घ्यायला सांगू शकतो. आपण होऊन आलेल्या माणसाकडे कोर्ट एका नजरेने बघतं आणि पकडून आणलेल्याकडे दुसऱ्या. माझ्या अकरा वर्षांत हा फरक मी प्रत्येक वेळी पाहिला.

वकील त्याच राज्याचा आणि शक्यतो त्याच काउंटीत रोज उभा राहणारा बघा. तुम्ही ह्यूस्टनला आलात म्हणून ह्यूस्टनचा वकील सॅन होजेच्या कोर्टात चालणार नाही. चांगल्या स्थानिक वकिलाचा एक मोठा फायदा असा, की कॅलिफोर्नियात अशा साध्या गुन्ह्याच्या खटल्यात बऱ्याच तारखांना तो एकटा उभा राहू शकतो. आरोप वाचताना किंवा शिक्षेच्या वेळी न्यायाधीश तुम्हाला बोलावू शकतो, पण दर महिन्याला विमानाची तिकिटं काढावी लागत नाहीत. पहिल्याच भेटीत हे विचारून घ्या: कोणत्या तारखांना मी लागेन, आणि कोणत्या तारखांना नाही?

आणि त्याच भेटीत, फीची गोष्ट निघायच्या आधी, त्याला सांगा की तुम्ही या देशाचे नागरिक नाही. एच-वन आहे, एफ-वन आहे, ग्रीन कार्डची रांग चालू आहे, जे असेल ते. २०१० साली पॅडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गुन्हा कबूल केल्याने इमिग्रेशनवर काय परिणाम होईल ते वकिलाने परदेशी अशिलाला सांगितलंच पाहिजे. होसे पॅडिला हा चाळीस वर्षं ग्रीन कार्डावर राहिलेला, व्हिएतनाम युद्धात लढलेला माणूस. त्याचा वकील त्याला म्हणाला होता, इतकी वर्षं राहिलायस, काळजी करू नकोस. तो सल्ला चुकीचा होता. फौजदारी वकिलाला दारूच्या खटल्याचं सगळं माहीत असतं, पण व्हिसाचं माहीत असेलच असं नाही. म्हणून काही कबूल करण्याआधी एकदा इमिग्रेशनच्या वकिलाचं मत घ्या, पैसे देऊन घ्या. वर्षाला लाखभर डॉलर मिळवणारा मुलगा इथे तीनशे डॉलर वाचवायला जातो, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

बाकी लायसनची गोष्ट. "नव्या राज्यात नवं लायसन घेतो, जुन्याचं काय!" असं म्हणणारेही भेटतात. अमेरिकेतली बहुतेक राज्यं १९६० च्या दशकापासून एका करारात आहेत. एक चालक, एक लायसन, एक नोंद, हे त्या कराराचं सूत्र. एका राज्यात शिक्षा झाली की ते राज्य तुमच्या लायसनच्या राज्याला कळवतं, आणि तिथे ती शिक्षा आपल्याच राज्यात झाली असं धरून कारवाई होऊ शकते. जॉर्जिया, विस्कॉन्सिन अशी थोडी राज्यं करारात नाहीत म्हणून तिथे लपता येईल असं समजू नका. केंद्र सरकारची चालकांची एक देशभरची नोंदवही आहे. नव्या राज्यात लायसनचा अर्ज केला की त्यात तुमचं नाव शोधतात. कॅलिफोर्नियात निलंबन चालू असेल तर टेक्सासातल्या खिडकीवरची बाई अर्ज परत देते आणि सांगते, आधी तिकडचं मिटवून या. यात तिचा काही दोष नाही.

निलंबन चालू आहे हे माहीत असताना गाडी चालवणं ही मूळ गुन्ह्याहून वाईट चूक. साधा, पहिला, कुणाला इजा न झालेला डीयूआय एवढ्यावरून सहसा कुणाला देशाबाहेर काढत नाहीत. २००४ साली लिओकाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की असा गुन्हा म्हणजे कायद्याच्या अर्थाने हिंसेचा गुन्हा नव्हे. पण लायसन बंद असल्याचं ठाऊक असून पुन्हा पिऊन गाडी चालवली तर इमिग्रेशनच्या न्यायालयांनी तो नैतिक अधःपाताचा गुन्हा मानलेला आहे. गाडीत लहान मूल असणं, कुणी जखमी होणं, सोबत अमली पदार्थ सापडणं, यातल्या प्रत्येकाने खटला वेगळ्याच वळणावर जातो. तेव्हा नव्या गावात लायसन सुटेपर्यंत बस घ्या, सहकाऱ्याच्या गाडीतून जा, ऑफिसच्या जवळ खोली बघा. वर्षभर त्रास होईल. होऊ द्या.

आता व्हिसा. इथे मला सावकाश बोलायचं आहे, कारण आपल्या मुलांचं खरं नुकसान इथे होतं आणि त्याची कल्पना त्यांना सगळ्यात कमी असते.

२०१५ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने वकिलातींना असं सांगितलं आहे, की व्हिसा दिल्यानंतर कुणी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला तर त्याचा व्हिसा रद्द करता येतो. शिक्षा व्हावी लागत नाही, नुसती अटक पुरते. बोटांचे ठसे घेतले, की ती नोंद दिल्ली-मुंबईच्या वकिलातींपर्यंत पोचते. एके दिवशी डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जावर जो ईमेल पत्ता दिला होता त्यावर चार ओळींचं पत्र येतं: तुमचा व्हिसा रद्द करण्यात आला आहे. मुलगा घाबरून फोन करतो, "काकू, आता मला निघून जावं लागणार का?" लगेच नाही. पासपोर्टातला व्हिसा हा देशात यायचा परवाना. इथे राहण्याची मुदत आय-९४ वर असते आणि ती त्या पत्राने आपोआप संपत नाही. नोकरी चालू राहते, पगार येत राहतो, बाहेरून काहीच बदलत नाही.

पण आता तुम्ही या देशात बांधले गेलात. बाहेर पाऊल टाकलंत की परत यायला नवा व्हिसा लागेल, आणि तो मुंबईच्या वकिलातीत समोरासमोर मुलाखत देऊनच मिळेल. गेल्या पाच वर्षांत दारूसंबंधी एक अटक असेल, किंवा दहा वर्षांत दोन असतील, तर अधिकारी तुम्हाला वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवतो. तो डॉक्टर ठरवतो, की तुमचं पिणं हा आजार आहे का आणि त्यातून दुसऱ्याला धोका आहे का. त्याच्या अहवालावर पुढचं ठरतं. यात किती आठवडे जातील, ते आधी कुणीही खात्रीने सांगू शकत नाही.

आणि याच सुमाराला कोल्हापूरहून फोन येतो की बाबांना अॅडमिट केलंय.

मी अशा एका मुलासोबत रात्री दोन वाजता बसले आहे. बॅग भरलेली, तिकीट स्क्रीनवर उघडं, आणि तो ते बटण दाबत नव्हता. गेला तर नोकरी, घराचे हप्ते, मुलीची शाळा सगळं टांगणीला. नाही गेला तर आयुष्यभर मनात राहणार. अशा वेळी काय करायचं हे सांगायचा अधिकार मला नाही. पण त्या रात्री त्याच्याकडे खटल्याचा निकाल नव्हता, कारण तो दोन वर्षं लांबवत आला होता. कोर्टाने सांगितलेला दारूविषयीचा कोर्स पुरा केल्याचं प्रमाणपत्र नव्हतं. डॉक्टरला दाखवायला काहीच नव्हतं. हे सगळं वेळेवर झालेलं असतं तर तो त्या बॅगसह निघाला असता, आणि बऱ्याच आशेने.

म्हणून खटला संपला की त्याच दिवशी कोर्टाच्या कारकुनाकडून निकालाच्या शिक्का मारलेल्या तीन-चार प्रती घ्या. पोलिसांचा अहवाल, दंडाची पावती, कोर्सचं प्रमाणपत्र, सगळं एका फायलीत ठेवा आणि ती फाइल प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर हलवा. कोर्टं जुन्या फायली काही वर्षांनी नष्ट करतात. ग्रीन कार्डाच्या अर्जात, नागरिकत्वाच्या अर्जात, दर वेळच्या डीएस-१६० मध्ये एक प्रश्न असतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? त्याचं उत्तर खरं द्या. खटला काढून टाकला गेला असेल, नोंद पुसली गेली असेल, तरीही 'हो' लिहा. इमिग्रेशनच्या दृष्टीने ती पुसलेली नसते. डीयूआय माफ होऊ शकतो. त्या रकान्यात लिहिलेलं खोटं पकडलं गेलं तर या देशाचे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात. आणि दुसरा डीयूआय होऊ देऊ नका. नागरिकत्वासाठी मोजल्या जाणाऱ्या काळात दोन शिक्षा झाल्या, तर चारित्र्य चांगलं नाही असंच गृहीत धरायचं, असा निर्णय २०१९ साली ॲटर्नी जनरलने दिला आहे.

विद्यार्थ्यांनी जास्त जपावं. २०२५ च्या वसंतात सरकारने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यार्थी म्हणून असलेल्या सरकारी नोंदी एकदम बंद केल्या, त्यात पोलिसांच्या किरकोळ नोंदी असलेलेही होते. न्यायालयात दाद मागितल्यावर एप्रिलअखेर त्या परत सुरू झाल्या, पण तेवढ्यात कित्येकांची झोप उडाली होती.

कॅनडाचंही एका वाक्यात सांगते. २०१८ च्या १८ डिसेंबरपासून तिथे हा गंभीर गुन्हा धरला जातो, त्यामुळे आईबाबांना नायगाराच्या पलीकडच्या काठावर न्यायचं किंवा टोरंटोच्या मावसबहिणीकडे लग्नाला जायचं, तर सीमेवरून परत पाठवू शकतात.

शिक्षा झाल्यावर दुसऱ्या राज्यात राहून ती कशी पुरी करायची, याबद्दल फार घोळ होतो. पहिल्या गुन्ह्यात कॅलिफोर्नियात सहसा तीन ते पाच वर्षांचं प्रोबेशन असतं, अधिकाऱ्याला भेटावं न लागणारं. त्या काळात अंगात थोडंही अल्कोहोल असताना गाडी चालवायची नाही आणि दुसरा कुठलाही गुन्हा करायचा नाही. दंडाचा आकडा छोटा दिसतो, पण त्यावर बसणाऱ्या आकारांनी तो कित्येक पट होतो. मग येतो दारूविषयीचा कोर्स, कमीत कमी तीन महिन्यांचा. मुलं काय करतात, टेक्सासात बसून इंटरनेटवरचा एखादा कोर्स उरकतात. कॅलिफोर्नियाची डीएमव्ही राज्याबाहेरचा कोर्स धरत नाही. पैसे गेले, लायसन अडकलेलंच. यावर वाट आहे. राज्याबाहेर राहणाऱ्यांसाठी डीएमव्हीची १६५० नावाची एक सूट आहे. राज्याबाहेर राहत असल्याचा पुरावा देऊन ती मागता येते. ती आयुष्यात एकदाच मिळते. ही सूट डीएमव्हीची आहे, कोर्टाची नाही, म्हणून कोर्टाने सांगितलेला कोर्स तुमच्या नव्या गावात केला तर चालेल का, ते न्यायाधीशाकडून लेखी घ्या, आणि मगच नाव नोंदवा. प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचं असेल, तर त्याच्या परवानगीशिवाय राज्य सोडायचंच नाही. राज्याराज्यांत प्रोबेशन हलवण्याचा रीतसर मार्ग आहे, आधी अर्ज आणि मग ट्रक. जामिनावर असाल तर त्याच्या अटीही पुन्हा वाचा. राज्याबाहेर जाऊ नये असं एक वाक्य त्यात असू शकतं.

न्यू जर्सीतल्या मंडळींना वेगळं सांगते, कारण तिथे आपली माणसं फार. तिथे हा फौजदारी गुन्हा नाही, वाहतुकीचा आहे, आणि म्हणूनच बरेच जण तो हलका समजतात. पण तिथे ज्युरी मिळत नाही, नोंद पुसून मिळत नाही, आणि दंडाच्या वर दर वर्षी एक हजार डॉलर असा तीन वर्षं अधिभार भरावा लागतो. तुम्ही नॉर्थ कॅरोलायनाला गेलात तरी ते बिल मागे येतं. अटकेचा प्रश्न व्हिसाच्या अर्जात आहे तसाच राहतो.

आता दोन शब्द दारूबद्दल. तुम्हाला नको असतील तरी वाचा.

२०२३ मध्ये या देशात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे घडलेल्या अपघातांत १२,४२९ माणसं मेली. कॅलिफोर्नियातल्या फेअर ओक्सची तेरा वर्षांची एक मुलगी १९८० साली रस्त्याच्या कडेने चालत होती. तिला ठोकून मारणारा आधीही याच गुन्ह्यात सापडलेला होता. तिच्या आईने, कँडी लाइटनरने, त्यानंतर मॅड ही संघटना काढली. आज अनेक कोर्टं शिक्षेचा भाग म्हणून तुम्हाला एका संध्याकाळी अशा आईबापांसमोर बसवतात. मी दोनदा सोबत म्हणून गेले होते. एका बाईने मुलाच्या खोलीत अजून त्याचे बूट ठेवलेत असं सांगितलं आणि पुढे तिला बोलता आलं नाही. माझ्या शेजारचा नाशिकचा मुलगा खाली बघून बसला होता. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "काकू, त्या रात्री मला पोलिसांनी थांबवलं ते बरं झालं."

तुमच्याकडून एकदाच चूक झाली असेल. पण रोज संध्याकाळी प्यावंच लागत असेल, नव्या गावात ओळखीचं कुणी नाही म्हणून ते वाढलं असेल, तर कोर्टाने सांगायची वाट बघू नका. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून आपल्या समाजाला सांगितलं आहे, की व्यसन हा आजार आहे, नालायकी नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक गावात भरतात, फुकट असतात, आणि तिथे तुमचं आडनाव कुणी विचारत नाही. वकिलातीच्या डॉक्टरसमोर बसाल तेव्हा तिथे गेलात याचा उपयोगच होईल, पण त्यासाठी जाऊ नका.

आणि घरात सांगा. बायकोला सांगा, नवऱ्याला सांगा. ही गोष्ट पुरुषांचीच आहे असं नाही, आमच्या ऑफिसात मुलीही आल्या. आईबाबांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ज्याच्याबरोबर एकाच छताखाली राहता त्याच्यापासून कोर्टाची पाकिटं लपवू नका. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक बिघडलेल्या खटल्यात एक न उघडलेलं पाकीट होतं. लाजेपोटी न उघडलेलं. मराठी मंडळात चर्चा होईल म्हणून वकील शोधला नाही, ओळखीच्याला विचारलं नाही, दोन वर्षं गेली. चर्चा झाली तर झाली. आठवड्याने लोक दुसऱ्या कुणाबद्दल बोलतील. तुमच्यावरचं वॉरंट मात्र तिथेच राहील.

आणि आम्ही मोठ्यांनी, मंडळाच्या लोकांनी, असा फोन आला तर आधी रागवू नये. मुलाला घरी बोलावून जेवायला घालावं, मग कागद टेबलावर ठेवायला सांगावा.

तुमच्याकडेही तो कागद असेल. नव्या घरातली अजून न उघडलेली खोकी आहेत ना, त्यात. आज संध्याकाळी शोधा. वरच्या कोपऱ्यात काउंटीचं नाव आहे, खाली तारीख आहे. ती तारीख उलटून गेली असली, तरी उद्या सकाळी त्या काउंटीतल्या वकिलाला फोन करा.